कळशीचे आमेन

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नदीवर तेव्हा पूल नव्हता, बाजाराला जायचे तर नावेतून पलीकडे जावे लागे. अलीकडच्या काठावर एक लहान गाव होते आणि गावात ख्रिस्ती मंडळीचे दगडी भिंतींचे एक प्रार्थनामंदिर होते.

मंडळीची एक रीत होती. रविवारी दानाची थैली फिरे. तिच्यात कुणी नेहमीपेक्षा मोठे दान टाकले, तर पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, त्याचे नाव सगळ्यांसमोर सांगत, आणि सारी मंडळी एका आवाजात ‘आमेन’ म्हणे. त्या एका शब्दासाठी माणसे वर्षभर पैसे साठवत. खोटे कशाला सांगू, काही जण तर फक्त त्या शब्दासाठीच साठवत.

मंडळीचा खजिनदार होता शीलास. तरुण, शिकलेला, हिशेबाला चोख आणि जिभेला तिखट. त्याने एक नियम केला होता. मंडळीसाठी कुणी स्वतःच्या पैशाने काही आणले, तर मंडळी ते पैसे भरून देईल. पण वस्तू चुकीची निघाली, तर भुर्दंड आणणाऱ्याचा.

या नियमात पहिली सापडली ती तबिथाआजी. ती एकटी राहणारी विधवा. मंदिरातले दिवे लावायचे काम तिच्याकडे होते. एकदा तेल संपले, तेव्हा तिने शेजारणीकडून पैसे उसने घेऊन तेल आणले. दुकानदाराने गोडेतेल म्हणून भलतेच काही गळ्यात मारले आणि तिला ते ओळखता आले नाही. दिवे धुरकटले. उपासना खोकत खोकत पार पडली.

“तेल कुणी आणलं?” शीलासने सगळ्यांदेखत विचारले.

“मीच की.”

“मग पैसे मंडळीने का भरायचे, आजी? देवाचा पैसा आहे हा. चुका पोसायला नाही.”

“बरोबर आहे, बाबा,” म्हातारी म्हणाली आणि पदर सावरून खाली बसली. उसने फेडण्यासाठी ती लोकांच्या घरी दळायला जाऊ लागली. शीलासला मात्र त्या दिवशी फार बरे वाटले. आपण न्यायी आहोत, असे वाटले.

पुढे कापणीचा सण आला. सणाला सगळी मंडळी एका पंगतीत जेवत असे, आणि त्यासाठी मोठे पातेले हवे होते. शीलास बाजाराला निघाला. कमरेला मंडळीचा बटवा, खिशात स्वतःचे पैसे.

“माझ्या बहिणीच्या लग्नाला एक कळशी पण आणा,” त्याची बायको सुवार्ता म्हणाली.

तांबटाने पातेले आणि कळशी एकत्रच तोलली आणि एकच रक्कम सांगितली. तिकडे नावाडी हाका मारत होता. शीलासने घाईघाईत बटवा उघडला, पैसे मोजून दिले आणि पळत नाव गाठली.

घरी येऊन हिशेबाला बसला, तेव्हा बटवा फार हलका लागला. खिशातले पैसे होते तसेच होते. बायकोच्या बहिणीची कळशी देवाच्या पैशाने घरात आली होती.

“चुकून झालं,” सुवार्ता म्हणाली. “पाळकसाहेबांना सांगून या. चार पावलांवर तर राहतात.”

“काय सांगू? चुकलो म्हणून? त्या म्हातारीला सगळ्यांसमोर उभं केलं मी.”

“म्हणून तर जा म्हणते.”

तो गेला नाही. त्याने स्वतःची समजूत काढली: पैसे देवाचे, देवाकडेच परत जाणार, कुठल्या वाटेने गेले, याला काय महत्त्व? गुपचूप बटव्यात टाकणे त्याला चोरासारखे वाटले, आणि थैलीतले पैसे शेवटी बटव्यातच जात, म्हणून रविवारी त्याने कळशीचे पैसे फडक्यात बांधले आणि थैली समोर येताच हळूच आत सोडले. पण गाठ जड होती. ती धप्पकन पडली. थैली फिरवणाऱ्या याकोबने भुवया उंचावल्या, आणि थोड्या वेळाने तो पाळकसाहेबांच्या कानाशी लागला.

“आपल्या खजिनदाराने आज मोठं दान दिलं आहे,” पाळकसाहेब म्हणाले. “न बोलता, न मिरवता.”

“आमेन,” मंडळी म्हणाली.

शीलासचे कान तापले. उठून उभे राहायला हवे होते. त्याने मान खाली घातली, आणि लोकांनी तिला नम्रता मानले.

वाचणाऱ्यांनो, हिशेब आता पैशापैशाने जुळत होता. हिशेब जुळला की माणूस खरा ठरतो असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या दुपारी शीलासच्या घरात डोकावायला हवे होते. भरले ताट बाजूला सारून तो हिशेबाची वही पुन्हा पुन्हा उघडत होता.

जेवणे झाल्यावर दारात तबिथाआजी आली. पदराआड तिने दोन अंडी आणली होती.

“बाबा, मला माफ कर,” ती म्हणाली. “तेलाच्या दिवसापासून तुझ्याविषयी मनात वाईट होतं. दळताना तुला शिव्या पण दिल्या थोड्या. आज तुझं दान ऐकलं आणि माझीच मला लाज वाटली.”

सुवार्ताने अंडी घेतली, पण नवऱ्याकडे पाहिले नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेला मंडळी जमली, तेव्हा पहिले गीत सुरू होण्याआधी शीलास उठला.

“सकाळी मी दान दिलं नाही,” तो म्हणाला. “माझ्या घरची कळशी मी मंडळीच्या पैशाने आणली होती. चुकून आणली. पण लपवली, ती जाणूनबुजून. ते पैसे थैलीत टाकले आणि तुमचं आमेन फुकट घेतलं.”

मग याकोब म्हणाला, “त्या आमेनचं काय करायचं? तेही परत घ्यायचं का?”

मागच्या बाकावर लोक हसले.

“घ्या,” शीलास म्हणाला आणि कमरेचा बटवा सोडून पाळकसाहेबांसमोर ठेवला. “हाही घ्या. आणि आजीच्या तेलाचे पैसे मी माझ्याकडून देतो.”

“तू देऊ नकोस,” पाळकसाहेब म्हणाले. “दिलेस, तर आम्हाला पुन्हा आमेन म्हणावं लागेल. तेल मंडळीसाठी आणलं होतं, मंडळी भरेल. कळशी तुझी होती, तिचे पैसे दानातून काढून परतफेडीत लिहू.”

“आणि माझी अंडी?” तबिथाआजीने विचारले. “ती मी चुकून दिली.”

“आजी, ती सुवार्ताने शिजवली,” शीलास म्हणाला.

“मग तीही परतफेडीत लिहा.”

या वेळी सगळेच हसले, पण शीलासला मान वर करवली नाही.

बटवा त्याला परत मिळाला, मात्र त्यानंतर बाजाराला तो कधी एकटा गेला नाही. सोबत कुणीतरी दुसरे असेच. जुना नियम रद्द झाला. चूक ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी सांगायची, आणि प्रामाणिक चुकीचा भार सगळ्यांनी उचलायचा, असे ठरले. गावातली पोरे शीलासला पुढे कितीतरी वर्षे ‘आमेनवाले काका’ म्हणून हाक मारत. तो ओ देत असे. प्रत्येक वेळी त्याचे कान तापत, आणि तरीही तो ओ देत असे.

बोध: चुकून आपल्याकडे आलेले परत करताना त्याला दानाचे नाव देऊ नये, चूक ही चूक म्हणूनच सांगावी, आणि आपल्या चुकीसाठी जी माफी हवी असते ती आधी दुसऱ्याच्या चुकीला द्यावी.