पाच कॅमेरे आणि एक नट

गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत, आता गुमान ऐका.

लई वर्षं झाली. चालत्या जीपमधून चहूकडचे फोटो काढायला टपावर आम्ही लोखंडी चौकट बसवली, तिच्यावर पाच कॅमेरे. सगळा भार एका नटावर.

घाटात नट ओरडला, "अरे, वायसर घातला नाही, मी ढिला होतोय! तुमचा बिघाडाचा लाल दिवा लावा, म्हणजे ड्रायव्हर थांबेल!"

कॅमेरे हसले. "तुला डोळा तरी आहे का रे? आम्ही पाच जण बघतोय की."

"बाहेर बघताय. पायाखाली बघा!"

एकानंही दिवा लावला नाही. पुढच्या वळणावर नट निसटला आणि चौकट दरीत गेली. पडतानाचे फोटो मात्र पाचही जणांनी झकास काढले.

वायसर घाला, असं मी बसवतानाच बोललो होतो. तेव्हा हसलेला आमचा साहेब रमाकांत खांबेटे अजून माफी मागायला आलेला नाही.