धापा टाकणारा कॉम्प्युटर

“…मग सगळं नवंकोरं असताना तो धापा का टाकतो, बुवा?”

वामनबुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते, ते सोलतच राहिले.

निनादनं कॉम्प्युटर रिक्षातून आणून त्यांच्यासमोर मांडला होता. एकेक भाग निवडून त्यानं तो स्वतःच्या हातानं जोडला होता. आपल्याला कुणी गुरू नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. आता मात्र तोंड एवढंसं झालं होतं. खेळ सुरू केला की घटकाभर झकास पळायचा. मग चित्र अडखळायचं, आणि शत्रू दिसेपर्यंत याचा गडी मेलेला असायचा.

संध्याकाळी तालुक्याची स्पर्धा होती. पुन्हा अडलास तर तुझ्या जागी दुसरा घेऊ, असं संघातल्या पोरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्या जागेवर त्याचा फार जीव होता.

आईनं बुवांसाठी शाल हातात देऊन ‘त्यांच्याकडे जा’ म्हटलं तेव्हा तो हसला होता. मठात येण्याआधी बुवा रेडिओ दुरुस्त करायचे, एवढंच. पण अडला हरी, म्हणतात ना…

त्यानं सगळं सांगितलं. मेमरी वाढवली, विंडोज पुन्हा टाकलं. आत तापतंय असं दिसलं म्हणून पंखा बसवला, मग आणखी मोठा पंखा. तरी रडगाणं तेच.

बुवा आता कॉम्प्युटरच्या डब्याकडे पाहत होते. काचेवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार पुढच्या जाळीवर वाळून चिकटला होता. आणि या सगळ्यावर, आता दाखवण्यापुरतं वर सरकवलेलं, निनादनं स्वतः शिवलेलं रेक्झिनचं कव्हर. गावची धूळ वाईट, म्हणून डबा चालू असतानाही तो ते काढत नसे.

“फार जपतोस.”

“पोटच्या पोरासारखा.” निनादला जरा बरं वाटलं.

“आईनं शाल पाठवलीय ना? घाल माझ्या अंगावर.”

निनादनं शाल बुवांच्या अंगावर घातली. बुवांनी ती डोक्यावरून ओढून तोंडही झाकून घेतलं.

“ती सतरंजी पण.”

निनाद गोंधळला, पण सांगितलं तसं केलं.

“आता विचार.”

त्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. आतून नुसतं हुं हुं ऐकू आलं. त्यानं परत विचारलं… तेही थांबलं.

निनादनं घाईघाईनं सतरंजी आणि शाल ओढून काढली. बुवा घामानं निथळत होते, आणि धापा टाकत होते.

“माझ्यातला कुठला भाग खराब होता रे?”

“कुठलाच नाही, पण…”

बोलता बोलता तो थांबला. डब्याकडे पाहिलं. मग कव्हर काढलं, हार काढला, काचेवरचं प्लॅस्टिक सोललं. मठातल्या प्लगवर खेळ सुरू केला आणि जीव मुठीत धरून बसला.

अडखळायची वेळ आली… आणि गेली. गडी पळतच होता.

निनादचे डोळे भरून आले. तरी एक शंका त्याला सोडेना. हातातल्या कव्हरची त्यानं नकळत घडी घातली.

“पण बुवा… आता धूळ बसेल की.”

बुवांनी एक शेंग फोडली.

“बसू दे. पळणाऱ्याच्याच अंगावर असते ती.”