पेंडीवाचून बासुंदी

राजा रणधवलाची बासुंदी पातळ झाली! इतकी पातळ, की वाटी जरा तिरकी झाली तर पळतच सुटायची. राजाने वाटी भिंतीवर भिरकावली आणि तो गरजला, "बोलवा त्या गवळणीला!"

राजाचा सारा गोठा ठकू गवळण सांभाळायची. हाताने कामसू, जिभेने तिखट! ती पदराला हात पुसत दरबारात आली. राजाशेजारी कोठीचे कारभारी तात्यापंत पोट सावरत उभे होते. त्यांना पाहताच ठकूच्या कपाळाला आठी पडली.

"दुधात पाणी घालतेस?" राजाने विचारले.

"मी कशाला घालू, महाराज? महिनाभर नुसता कडबा चघळून गाईच पाण्यासारखं दूध देताहेत. पंतांनी पेंड बंद केली आणि चार दिवसांत दुधाचा कस गेला."

"पेंड म्हणजे गवळ्यांची चैन!" पंत नाक फुगवून म्हणाले. "गाय हे गवत खाणारं जनावर. महाराज, पेंड मी लष्कराच्या घोड्यांसाठी लावून दिलीय."

"मग हदग्याचा नाहीतर शेवग्याचा पाला तरी तोडू द्या. त्यातही कस असतो."

"झाडं सरकारची!"

"हरभऱ्याचं भुसकट?"

"शेतं सरकारची!"

"मग गाईंपुढे काय तुमची भाषणं टाकू?"

दरबारात खसखस पिकली. राजाला मात्र राग आला, आणि राग आला की त्याचा हट्ट आभाळाला भिडायचा.

"बस्स! कडबा तेवढा मिळेल. त्याशिवाय माझ्या राज्याच्या मातीत उगवलेलं एक पानही गाईंना घालायचं नाही. परमुलखातूनही काही आणायचं नाही. तरी येत्या पौर्णिमेला बासुंदी पहिल्यासारखी घट्ट हवी. नाहीतर गोठा सोडून चालती हो!"

"माझा जावई रिकामाच बसलाय, महाराज," पंतांनी हळूच सुचवले.

ठकू तणतणत गोठ्यात परतली. मग ती आपल्या लाडक्या ढवळी गाईच्या पाठीवरून हात फिरवत बसली. ही गुरं तिने स्वतःच्या हातांनी या जगात आणली होती. ती पंतांच्या जावयाच्या हवाली करायची? त्या माणसाला गाय पुढून ओळखायची की मागून, हेसुद्धा ठाऊक नव्हते!

दुसऱ्या दिवशी तिने गाई पाण्यावर नेल्या. बाकीच्या काठावरच थांबल्या. ढवळी मात्र पोटापर्यंत तळ्यात शिरली आणि पाण्यावर तरंगणारं हिरवं शेवाळ मचामचा खाऊ लागली. ठकूने मूठभर उचलून पाहिले. बारीक नक्षीदार पानं, खाली केसांसारखी मुळं. तिच्या डोळ्यांत चमक आली.

तिने टोपलीभर शेवाळ आणले आणि कडब्यात मिसळले. गाईंनी फुरफुरून तोंडं फिरवली. वास! मग तिने ते दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात धुतले, वर चिमूटभर मीठ भुरभुरले आणि आधी थोडे, मग जरा जास्त, असे घालत गेली. हळूहळू टोपली दिसताच गाई हंबरू लागल्या. दुधावर पुन्हा जाड साय धरू लागली.

पंत एकदा गोठ्यात डोकावले. "शेवाळ? या गाई आहेत की बेडूक?"

"बेडूक परवडले, पंत. ते पावसाळ्यातच ओरडतात. काही जणांचं बारमाही चालतं!"

पौर्णिमा आली. बासुंदीत पळी उभी राहिली! राजाने तीन वाट्या चाटूनपुसून संपवल्या.

"महाराज, लबाडी आहे!" पंत ओरडले. "आपल्या मातीत उगवलेलं शेवाळ घातलंय हिनं!"

ठकूने ओली टोपली राजापुढे ठेवली. "मुळं बघा, महाराज. मातीचा एक कण सापडला तर मी आत्ता गोठा सोडते."

राजाने शेवाळ उलटेपालटे करून पाहिले. मुळांतून नुसते पाणी ठिबकत होते.

"पण तळ्याखाली माती आहेच की!" पंत म्हणाले.

"ढगांखालीही आहे. तेही कोठीत जमा करून घ्या!"

राजाला हसू आवरेना. "जिंकलीस, ठकू! पण मग पंतांचंही खरंच ठरलं. पेंडीवाचून भागतं. पेंड घोड्यांनाच जाऊ दे."

"घोड्यांना?" ठकू फणकारली. "महाराज, जनावर खातं ते अंगावर दिसतं आणि दुधातही दिसतं. तुमच्या घोड्यांच्या बरगड्या लांबून मोजता येतात. माझ्या गाईंची पेंड बंद झाली, आणि तेव्हापासून गावात एकाच गोठ्यातलं दही सुरीनं कापावं लागतंय!"

"कुणाच्या गोठ्यातलं?"

"पंतांच्या म्हशींचं!"

पंतांचा चेहरा ताकासारखा पांढरा पडला. राजा आधी चमकला, मग इतका हसला की मुकुट घरंगळत पायरीवर गेला.

त्याच दिवशी पेंड गोठ्यात परत आली, कोठीच्या किल्ल्या ठकूच्या कमरेला लागल्या आणि ढवळी तिला बक्षीस मिळाली. पंत मात्र धोतर खोचून गुडघाभर पाण्यात शेवाळ गोळा करू लागले.

"नीट धुऊन आणा हं, पंत!" ठकू काठावरून म्हणाली. "माझ्या गाईंना घाण खपत नाही!"