आखुडातून लांब वजा

"काशिराम का चाललाय?" धुंडिराजबुवांनी विचारलं.

"खरं बोललेलं झोंबलं त्याला, गुरुजी. त्याला मी काय करणार?" यदुनाथ म्हणाला.

वैनगंगेकाठच्या त्या मठात बुवा गणित शिकवत. यदुनाथ त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य, आणि हे सगळ्यांत जास्त ठाऊक कुणाला, तर त्यालाच! त्या सकाळी पठ्ठ्याने आपल्या जिवलग मित्राला, काशिरामाला, सगळ्यांदेखत ठोंब्या म्हटलं होतं. काशिरामाने मुकाट्याने गाठोडं बांधलं आणि घाट गाठला. होडी सुटली की तो कायमचा जाणार होता.

"गणित कोणतं?"

यदुनाथाने पाटीवर लिहिलं: √(५ − २√६).

"मुळाच्या पोटात मूळ. त्याला सोपं रूप द्यायचं. मी लिहिलं, √२ − √३. त्या शहाण्याने उलटं लिहिलं, √३ − √२."

"तुझंच बरोबर कशावरून?"

"तीन वाटांनी काढलंय! बेरीज पाच आणि गुणाकार सहा येईल अशा संख्या शोधल्या. मग समीकरण मांडलं. मग सूत्र लावलं. तिन्ही वेळा दोन आणि तीनच आले. उत्तराचा वर्ग करून बघा, तंतोतंत जुळतो."

"आणि काशिरामाच्या उत्तराचा वर्ग?"

"तो..." यदुनाथ अडखळला. "तोही जुळतो."

बुवांनी खुंटीवरून आखणीच्या दोन दोऱ्या काढल्या. एक √२ हात लांबीची, दुसरी √३ हात. दोन्ही त्याच्या हातात दिल्या, वर कात्री दिली.

"आखूड दोरीतून लांब दोरीएवढा तुकडा काप. उरेल ते मला दे."

यदुनाथाने दोऱ्या शेजारी शेजारी धरल्या...

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "उणं! माझं उत्तर उणं येतंय. वर्गमूळ उणं कसं चालेल? अरे देवा... काशिरामाचंच बरोबर होतं. पण गुरुजी, तिन्ही वाटा चुकल्या कशा?"

"वाटा कुठे चुकल्या? तिन्ही वाटांनी गेलं कोण?"

घाटावरून नावाड्याची शेवटची हाक आली. यदुनाथ धडपडत उठला, दारापर्यंत गेला, परत फिरला. लाज वाटत होती, आणि काशिरामावाचून इथे करमायचं नाही हेही कळत होतं.

"त्याला काय म्हणू, गुरुजी? आधी चूक कबूल करू? की आधी पाय धरू? की सगळ्यांना घेऊन जाऊ आणि त्यांच्यासमोरच..."

"यदू," बुवा म्हणाले, "होडी एकच आहे."