साळिंदराच्या पाठीवरची पानं

शुद्धलेखन चुकलं असेल आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

जनावरं एकमेकांना औषधपाणी करत, त्या काळातली ही गोष्ट. उंबराखाली बगळेबुवा वैद्यांचा दवाखाना होता. दारात ससा बसे. त्याने पळसाचं पान दिलं की लगेच आत जायचं, वडाचं दिलं की थांबायचं.

एकदा रावजी साळिंदर लेकीला घेऊन आला. तिचा पाय सुजून टम्म झाला होता. सशाने वडाचं पान पुढे केलं. मागून आलेल्या हरणीला नुसता खोकला, पण तिला पळसाचं.

"ससेभाऊ, हे कसं काय?"

"अरे, तुमची कातडी जाड. तुम्हाला कुठं एवढं दुखतंय!"

रावजीला संशय होताच. तो लेकीला घेऊन तडक आत घुसला. "बुवा, आम्हाला मुद्दाम मागं ठेवता ना?"

"छे छे! माझ्याकडे सगळे सारखे."

रावजीने पाठ फिरवली. आजवर मिळालेलं प्रत्येक पान त्याने काट्यांत टोचून ठेवलं होतं. सगळी वडाची. पळसाचं एकही नव्हतं.

बगळेबुवा ती पानं निरखून खाली वाकले. त्यांनी पोरीच्या पायाला हळूच चोच लावली, तशी ती "आई गं!" करून किंचाळली.

"इतकी मऊ कातडी?" ते पुटपुटले. "मी कधी चोच लावून पाहिलंच नाही." त्यांनी पायातली काच काढली, लेप लावला आणि सशाला बजावलं, "उद्यापासून आधी दुखणं विचारायचं, मग पान."

"बघू," रावजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाठीवरची सगळी पानं झटकली आणि काही दुखत नसताना तो दवाखान्याच्या दारात जाऊन बसला, सशाच्या हातावर नजर ठेवून.