वेणूच्या धापेची कहाणी

ऐक जिवतीमाते, तुझी कहाणी. आटपाट नगरात कासारांची आळी होती. तिथं भिवराबाई कासारीण राहायची. तिची थोरली सून वेणू. वेणूला दिवस राहिले. घराला आनंद झाला. भिवराबाईनं जिवतीपुढं पुरणाचे दिवे लावले, ओटी भरली, नवस बोलला.

पोट दिसू लागलं, तशी वेणूला धाप लागू लागली. मग ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, आडवं पडलं की जीव गुदमरतो." सासू म्हणाली, "दोन जिवांची बाई तू, एवढं व्हायचंच." मग ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, पायऱ्या चढवत नाहीत, छाती धडधडते." नवरा म्हणाला, "जत्रेचा बाजार होऊ दे, मग बघू." मग ती सुईणीला म्हणाली, "मावशी, पाय सुजलेत, खोकल्यातून रक्त येतं." सुईणीनं पोट चाचपलं. म्हणाली, "मूल छान आहे हो." छातीला कोणी कान लावला नाही. मग वेणू सांगायची थांबली. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागली.

मुलगी झाली. साखर वाटली. पाचवीच्या पूजेला वेणूचे ओठ निळे पडले. "आत्याबाई, वारा घाला." भिवराबाईनं पदरानं वारा घातला. घालता घालता वेणू गेली.

मग भिवराबाईनं अन्न टाकलं, पाणी टाकलं, जिवतीपुढं पडून राहिली. "माते, दिवे लावले, ओटी भरली. माझं काय चुकलं? माझी सून मला दे."

जिवती म्हणाली, "तुझे दिवे मला पोचले. तिचं बोलणं तुला पोचलं नाही. लहानपणी तिला ताप आला होता, सांधे सुजले होते, तेव्हाच काळजाची झडप आवळली. तू कधी विचारलंस?"

"नाही विचारलं. आता तरी दे."

"गेलेली मला देता येत नाही. वसा देते. गरोदर बाईची धाप ऐकावी. दवाखान्यात नेऊन काळीज तपासावं. औषध चुकवू नये. मूल झालं म्हणून आईला विसरू नये."

पुढं धाकटी सून तुळसा गरोदर राहिली. तिलाही दम लागला. भिवराबाईनं कोणाला विचारलं नाही, तिला तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं छाती ऐकली, हृदय तपासलं, औषध दिलं. बाळंतपण मोठ्या इस्पितळात झालं. तुळसा वाचली, बाळ घेऊन घरी आली.

दारात वेणूची लेक उभी होती. तिनं तुळसालाच "आई" म्हणून हाक मारली. तुळसानं तिला जवळ घेतलं. भिवराबाई आत जाऊन पदरात तोंड खुपसून रडली.

जिवती तुळसाला पावली, तशी तुम्हां आम्हां लेकीसुनांना वेळेत पावो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी संपूर्ण. सुफळ मात्र म्हणवत नाही, बायांनो.