गड घेतला, पण नाव?

हळकुंडं विकत गावोगाव फिरताना ऐकलेली गोष्ट सांगतो, मंडळी. नागोजीराव सरदारानं तलवारीच्या जोरावर करंजगड घेतला आणि मुजरा करत नाही म्हणून जुना किल्लेदार हिरोजी कोठडीत टाकला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवटी हिरोजीची बायको गिरजा दरबारात उभी राहिली.

"सरकार, आमच्या घरच्यांना सोडा."

"कोठडीत पुष्कळांच्या घरचे आहेत," सरदार मिशीत हसला. "नवऱ्याचं नाव घे, आत्ता सोडतो."

गिरजानं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, आपल्या माणसांत. इथं परक्या दरबारात कसं घ्यावं?

सरदारानं तलवार उपसली. "राज्य म्हणजे बळ, बाई! या बळावर आम्ही गड घेतला, मुलूख घेतला. तुला साधं नाव घ्यायला लावता येणार नाही होय?"

"गड तुम्ही घेतलात, सरकार. नाव मात्र मीच घेणार, तेही मनात आलं तर. राणीसाहेब तुमचं नाव घ्यायच्या, तेव्हा तलवार काढावी लागायची का?"

राणीसाहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. सरदारानं तलवार हळूच म्यानात घातली.

"नाही," तो म्हणाला. "आग्रहसुद्धा करावा लागत नसे. सोडा रे हिरोजीला."

दाढी वाढलेला हिरोजी उजेडात डोळे चोळत आला. आता कुणीच नाव घे म्हणालं नव्हतं, तरी गिरजानं पदर सावरला:

"तुळशीपाशी दिवा लावून वाट पाहिली दारी,
हिरोजींचं नाव घेते, चला आता घरी."